लॅथमची सही

अल् घुब्रा, मस्कत
१७ जानेवारी १९९८

प्रिय मधु,
सप्रेम जय भीम.

मासिकाचे तीन अंक एकाच पाकिटातून परवा मिळाले. पोस्टबॉक्स कंपनीचा, त्यामुळे इथल्या रुवी भागातल्या ऑफिसात ते आधी तिघांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि मग माझ्यापर्यंत आलं. तुझं नाव छापलेलं बघून मी सगळ्यांना ऐकवलं, "हा प्राध्यापक मधुकर तागडे म्हणजे माझा हॉस्टेलचा रूममेट. माझ्या सायकलवरून सिनेमाला जायचा आणि चाकात हवा मात्र मला भरायला लावायचा."

काल शुक्रवारची सुट्टी. दर शुक्रवारी आमच्याकडे चार-पाच कुटुंबं जमतात, सगळी आपलीच, नागपूर-अकोल्याकडची. जेवणं झाल्यावर मी तुझ्या लेखमालेचा चौथा भाग मोठ्याने वाचला. तो आगीचा. १९१३ साल, न्यू जर्सीतला स्टुडिओ, रिळं कापून जोडायची ती खोली आणि तिच्यात जळून गेलेली ॲग्नेस नावाची कामगार मुलगी. मालक म्हणतात, तिनेच दिवा आत नेला. आणि तुझा तो एमरी लॅथम, तेव्हा नुसता कथा लिहून देणारा नोकर माणूस, चौकशीत उभा राहून सांगतो, "दाराला बाहेरून कुलूप असायचं. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. दोष त्या मुलीचा नाही, आमचा आहे."

मी मध्येच थांबलो रे. नयनाने अंक हातातून घेतला आणि उरलेलं पान तिने वाचलं. आमच्या श्वेताला मराठी ऐकायचा एरवी कंटाळा. शाळेत सगळं इंग्लिश, आता आठवीत आहे. पण ती पाणी द्यायला आली ती तिथेच उभी राहिली. नंतर विचारते, "पप्पा, इज ही रिअल?" मी म्हटलं, "रिअल म्हणजे! मधुकाकाने लिहिलंय."

पुढे या माणसाचं काय झालं ते आताच कळव. पुढच्या अंकाची वाट कोण बघणार?

तुझा
देवेश


अमरावती
२२ फेब्रुवारी १९९८

प्रिय देव्या,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तीन जणांना दाखवलं. पत्र तसं खासगी, पण मोह आवरला नाही. तुला माहीत आहे, इथे मूकपटांवर लिहिणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा. त्यातून अमेरिकेतला, कुणी नावही न ऐकलेला निर्माता. "त्याच्यापेक्षा आपल्याकडच्या कुणावर लिहा की," असं प्राचार्यसुद्धा म्हणतात.

विचारतोस म्हणून सांगतो. लॅथम ओहायोतल्या एका टोप्या शिवणाऱ्याचा मुलगा. आधी तारघरात कारकून. तारा लिहून लिहून त्याला कमी शब्दांत गोष्ट सांगायची सवय लागली आणि तीच मूकपटाला उपयोगी पडली. एका रिळाच्या सिनेमाची कथा तो एका पानात बसवायचा. आगीच्या प्रकरणानंतर त्याने ती कंपनी सोडली आणि कॅलिफोर्निया गाठलं. तिथे स्वतःच्या नावाने स्टुडिओ काढला. कथा त्याची, निर्मितीही त्याची. दोनशेच्या आसपास सिनेमे. त्यातले आज अकराच शिल्लक आहेत. मग बोलपट आला आणि हा माणूस विसरला गेला. शेवटी एका हॉटेलात चाव्या देणारा कारकून होता म्हणतात.

साधनं फार थोडी आहेत. धागे आपल्यालाच जुळवावे लागतात. तिकडच्या एका संग्रहालयाला पत्र घातलंय, आगीच्या चौकशीचे कागद असतील तर पाठवा म्हणून. पुण्याच्या एका प्रकाशकाने पुस्तकाचं विचारलंय. अर्पणपत्रिकेवर तुझं नाव घालू का?

नयनावहिनींना जय भीम. श्वेताला सांग, मधुकाका खूश झाला.

तुझा
मधु


अल् घुब्रा
५ जून १९९८

प्रिय मधु,
जय भीम.

हे पत्र जपून वाच आणि लवकर उत्तर दे. फोन केला असता, पण फोनवर बोलताना मी रडेन आणि तुला काही कळणार नाही.

सहमला आमचं पाइपलाइनचं काम चालू आहे हे तुला लिहिलं होतं. समुद्रकाठची भुसभुशीत जमीन, त्यात माणसाच्या उंचीच्या दीडपट खोल चर. अशा चरात दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय कुणाला उतरवायचं नसतं. फळ्या आल्या नव्हत्या. दोन दिवस मी काम थांबवलं. तिसऱ्या दिवशी फोरमन म्हणाला, "साहेब, वरवरचं करतो." मी "बघ" म्हटलं आणि रुवीला मीटिंगला निघून आलो. ते "बघ" माझ्या कानात अजून आहे.

मंगळवारी सकाळी चर ढासळला. राकेश गोरुले नावाचा पाइपफिटर गेला. सत्तावीस वर्षांचा, लांज्याकडचा. बायको मैना गावी आहे. बाहेर काढायला पाऊण तास लागला. मी पोचलो तेव्हा त्याचा गाववाला रुपेश गोताड वाळूत बसून त्याच्या तोंडावरची माती रुमालाने पुसत होता. तो पुसतच राहिला. कुणी त्याला थांब म्हणेना.

आता कंपनीने कागद तयार केलाय. "कामगार परवानगी नसताना, स्वतःच्या मनाने चरात उतरला." साइट इंजिनियर म्हणून खाली माझी सही हवी. मॅनेजर गोड बोलतो. म्हणतो, "मेश्राम, सही केलीस तर तूही सुटशील. मरणारा मेला. खलास." आणि ते खरंच आहे. सही केली तर मी त्या दिवशी "बघ" म्हटलं होतं हे कधीच कुणाला कळणार नाही. नाही केली तर आधी माझीच चूक बाहेर येईल. नोकरी जाईल. श्वेताची शाळा, घर, सगळं कंपनीच्या व्हिसावर आहे.

मी तुझा चौथा भाग पुन्हा वाचला. पाच-सहा वेळा. म्हणून विचारतो, आणि हसू नकोस. लॅथम खरंच तसं बोलला का? स्वतःची चूक स्वतः, सगळ्यांसमोर? ते कुठे लिहून ठेवलंय का? आणि त्यानंतर तो उभा राहू शकला, हेही खरं ना?

मला गोष्ट नको आहे, मधु. एखाद्या माणसाने असं केलंय, एवढंच मला कळायला हवं.

देवेश


अमरावती
१९ जून १९९८

प्रिय देवेश,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. त्या राकेशच्या घरच्यांचं काय झालं असेल!

तू विचारलंस, म्हणून स्पष्ट लिहितो. होय, खरं आहे. लॅथम बोलला. चौकशीत, सगळ्यांसमोर. आणि तो उभाही राहिला, पहिल्यापेक्षा ताठ. असली माणसं होऊन गेली आहेत म्हणून तर आपण त्यांच्याबद्दल लिहितो.

निर्णय तुझा. नयनावहिनींशी बोल. पण मी तुला हॉस्टेलपासून ओळखतो. तू काय करशील ते मला ठाऊक आहे.

पुस्तक छपाईला गेलं. घाईत आहे, म्हणून थोडक्यात.

तुझा
मधु


नागपूर
३ डिसेंबर १९९८

आदरणीय मधुभाऊजी,
सविनय जय भीम.

तुमचं पुस्तक मिळालं. पहिल्या पानावर ह्यांचं नाव पाहिलं. ह्यांनी तुम्हाला सगळं कळवलं असेल असं वाटलं होतं, पण सासूबाई म्हणाल्या की तुम्हाला काहीच माहीत नाही. म्हणून लिहिते.

ह्यांनी सही केली नाही. उलट स्वतःच्या हाताने वेगळा कागद लिहून दिला, आपण काय म्हणालो होतो त्यासकट. सप्टेंबरमध्ये कंपनीने काढलं. सहमला ज्यांच्या शेताच्या कडेने तो चर जात होता, त्या सालेम नावाच्या शेतकऱ्याने ह्यांना जबाब देताना ऐकलं होतं. त्यांनी खटपट करून ह्यांना आपल्या पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपवर घेतलं, नाहीतर सगळेच परत आलो असतो. पण त्या पगारावर कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. म्हणून मी आणि श्वेता इथे माहेरी आलो. ते वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहतात.

श्वेताला वर्षाच्या मध्येच शाळा बदलावी लागली. वर्गात सगळ्या मराठी बोलतात, ही मध्येच अडते, मग मुली हसतात. परवा म्हणाली, "आई, पप्पांनी चूक केली का?" मी "नाही" म्हटलं. मला खात्री आहे म्हणून म्हटलं की तिच्यासाठी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही.

तुमच्यावर राग नाही. ह्यांच्या बॅगेत तुमच्या लेखाची घडी केलेली पानं होती, पासपोर्टच्या कव्हरमध्ये. एवढंच तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आपली,
नयना


सहम
१४ फेब्रुवारी १९९९

प्रिय मधु,
जय भीम.

तुझ्या पुस्तकाला बक्षीस मिळाल्याचं नयनाने कळवलं. अभिनंदन! इथे आनंद वाटायला माणूस नाही, म्हणून सालेमना सांगितलं. त्यांनी खजूर मागवले आणि विचारलं, "तुझा मित्र काय लिहितो?" मी माझ्या तोडक्यामोडक्या अरबीत लॅथमची गोष्ट सांगितली. म्हातारा म्हणाला, "तो माणूस मुसलमान होता का?" मी म्हटलं, "नाही, टोप्या शिवणाऱ्याचा मुलगा होता." "मग चांगल्या घरचा," म्हणाला.

तू बरेच महिने गप्प आहेस. पुस्तकाची धावपळ असणार.

माझं बरं आहे. पंप उघडायचे, बेअरिंग बदलायचं, परत बसवायचं. हात काळे होतात, पण झोप लागते. एकच गोष्ट सलते. रुपेश. राकेशचा तो गाववाला. माझ्याखेरीज खरं बोललेला तो एकटाच. आधी तो घाबरला होता. "मला परत पाठवतील साहेब, घरी आईबाप आहेत," म्हणायचा. मी लेबर कॅम्पवर जाऊन त्याच्या खाटेवर बसलो आणि तुझा चौथा भाग त्याला वाचून दाखवला. सगळा. तो ऐकून म्हणाला, "ह्यो खरा झालाय काय?" मी तुझं १९ जूनचं पत्रच त्याला दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने जबाब दिला. महिन्याभरात कंपनीने त्याला विमानात बसवलं.

जाताना विमानतळावर मला म्हणाला, "त्या सायबाचा पुडं बरा झाला ना?" मी म्हटलं, "झाला. स्वतःचा स्टुडिओ काढला." तेवढ्यावर तो हसला आणि आत गेला.

चौकशीचा निकाल अजून नाही. मला आता कुणी कळवतही नाही.

पत्र लिही रे.

तुझा
देवेश


अमरावती
८ मार्च १९९९

देवेश,

हे पत्र मी चारदा फाडलंय. जय भीम लिहायलाही हात धजत नाही.

लॅथम तसं बोलला नव्हता.

मी ज्या जुन्या पुस्तकावरून लिहीत होतो त्यात त्याच्यावर सगळं मिळून दीड पान आहे. आगीबद्दल एकच ओळ: "या आगीनंतर काही काळाने लॅथमने ती कंपनी सोडली." बाकी सगळं माझं. त्याचं उभं राहणं, ते कुलूप, "दोष आमचा आहे" हे वाक्य, सगळं. चौथा भाग उद्या द्यायचा होता आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. मी त्या ओळीकडे बघत बसलो आणि मला वाटलं, सोडली म्हणजे काहीतरी ताठपणा केला असेल. "असेल" हा शब्द लिहिताना गळला. वाचकांची पत्रं आली, मग तो परत घालायचा धीर झाला नाही.

एवढंच असतं तर मी स्वतःला भाबडा म्हणवून घेतलं असतं. पण हे एवढंच नाही.

गेल्या वर्षी ११ एप्रिलला संग्रहालयाचं पाकीट आलं. चौकशीच्या कागदाची झेरॉक्स. त्यात लिहिलंय की मृत मुलीने मनाई असताना दिवा आत नेला. खाली तिघांच्या सह्या आहेत आणि पहिली सही एमरी लॅथमची आहे. ठळक, शाई न सांडता केलेली. पुढच्याच महिन्यात त्याच्या नावामागे पहिल्यांदा "निर्माता" लागलं. कंपनी सोडली ती पाच वर्षांनी, जास्त चांगलं मिळालं म्हणून.

तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा ती झेरॉक्स माझ्या टेबलाच्या खणात होती. तुझं पत्र मी त्याच टेबलावर वाचलं. "मला गोष्ट नको आहे" ही ओळ वाचली. आणि मग कागद घेतला आणि "होय, खरं आहे" असं लिहिलं.

का, ते सांगतो. पुस्तक छापखान्यात होतं. एक भाग काढायचा तर सगळं कोसळणार होतं. पण ते कारणही सोज्वळ आहे. त्याहून वाईट हे, की तू विचारलंस ते मला आवडलं. माझं वाक्य वाचून एक माणूस खरोखर काहीतरी करायला निघालाय, याची मला धुंदी चढली. तू तिथे संसार पणाला लावत होतास आणि मी इथे स्वतःवर खूश होतो.

नयनावहिनींच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. बक्षीस घ्यायला मात्र गेलो. शाल घेतली. भाषणात तुझ्याबद्दल बोललो, नाव न घेता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपेशबद्दल तू लिहिलं नसतंस तर मी हेही पत्र लिहिलं नसतं, हेही खरंच सांगतो. माझं १९ जूनचं पत्र तू त्याच्यासमोर धरलंस, हे वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

क्षमा मागायची लाज वाटते, म्हणून मागत नाही.

मधुकर


सहम
२० सप्टेंबर १९९९

मधु,

तुझं पत्र मार्चमध्येच मिळालं. उत्तराला सहा महिने लागले, कारण मला शिव्या येत होत्या आणि त्या लिहायच्या नव्हत्या.

सालेमना मी सांगितलं नाही. म्हातारा कधीकधी त्या टोपीवाल्याच्या मुलाची आठवण काढतो. मी मान हलवतो. म्हणजे आता खोटं मीही बोलतो.

लोक म्हणतील, काय फरक पडतो, देवेशने योग्य तेच केलं. नयनाही तसंच म्हणाली. पण मी पंप खोलता खोलता एकच विचार करतो. तू खरं लिहिलं असतंस, की बाबा रे, त्याने सही केली आणि मोठा झाला, तर मी काय केलं असतं? कधी वाटतं, तरी नाकारलं असतं. कधी वाटतं, केली असती. तीन सह्यांमधली पहिली माझी असती. मला माहीत नाही, मधु. आयुष्यात एक काम मी ताठ मानेने केलं होतं. ते माझं होतं की तुझ्या वाक्याचं, हेच मला आता कळत नाही. नोकरी गेली त्याचं दुःख मी गिळलं. हे गिळता येत नाही.

दोन गोष्टी कर. तुझ्या मासिकात, तुझ्या नावाने, जे मला लिहिलंस ते छाप. आणि रुपेशच्या गावी जाऊन हे त्याला तोंडाने सांग. पत्र पाठवू नकोस. पत्रात तू फार चांगला लिहितोस.

पत्ता मागे लिहिला आहे. ते झाल्याशिवाय मला लिहू नकोस.

देवेश


अमरावती
१० डिसेंबर २०००

प्रिय देवेश,
जय भीम.

तू सांगितलेल्या दोन्ही गोष्टी झाल्या. सव्वा वर्ष लागलं. कारणं लिहीत नाही, भीतीशिवाय दुसरं कारण नव्हतं.

खुलासा जुलैच्या अंकात आला. संपादकांनी शेवटच्या पानावर, वर्गणीच्या जाहिरातीखाली छापला. प्रकाशकाने उरलेल्या प्रती दुकानांतून परत उचलल्या. बक्षिसाचं मानचिन्ह मी परत पाठवलं, ते त्यांच्या कारकुनाने घेतलं आणि पोच दिली. स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला, "एवढं काय तागडे, अमेरिकेतला मेलेला माणूस, कोण बघायला जातंय!" तो मला धीर देत होता.

गेल्या आठवड्यात लांज्याला गेलो. रुपेश आता सहा आसनी रिक्षा चालवतो. स्टँडवरच भेटला. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मला चहा पाजला. मी सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. तो रिक्षाची काच पुसत ऐकत होता.

"ती गोष्ट ना?" तो म्हणाला. "मेश्राम सायबांनी वाचलेली. त्येतली अर्धी माझ्या ध्यानात पन नाय."

"पण तू तीच ऐकून जबाब दिलास ना?"

त्याने फडका झटकला. "सर, साहेब एवढे मोठे, माझ्या खाटेवर येऊन बसले. तासभर बसले. एकच ओळ दोन-दोनदा वाचीत व्हते. म्हटलं, हा मानूस माझ्यापेक्षा घाबरलाय आनि तरी बोलनार हाय. आनि राकेश माझ्यासमोर उतरला. फोरमनने 'यल्ला, यल्ला, चल लवकर' म्हटलान म्हणून उतरला. जे डोळ्यांनी बगितलं ते सांगायला अमेरिकेचा मानूस कशाला होवा?"

देवेश, मी दोन वर्षं जो दगड उरावर घेऊन हिंडलो, तो त्याच्या लेखी खडाही नव्हता. मला हलकं वाटायला हवं होतं. उलट आणखी लाज वाटली. माझ्या पापालाही मी मोठं करून ठेवलं होतं.

मी निघणार तेवढ्यात त्याने विचारलं, "तुमी इंग्रजीचे प्रोफेसर ना? मग जरा वर चला."

टेकाडावर राकेशचं घर आहे. पडवीत त्याचे वडील बसले होते, कानाने कमी ऐकतात. मैना शेणाचे हात धुऊन बाहेर आली. रुपेशने तिला काहीतरी सांगितलं. तिने आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पाकीट आणलं. मस्कतहून आलेलं, इंग्रजीत. शाळेच्या मास्तरांना दाखवलं होतं, ते म्हणाले कोर्टाचं दिसतंय, हात लावू नका. तेव्हापासून ते तांदळाच्या डब्यात होतं. कंपनीने पहिली तार केली होती तिच्यात राकेश मनाने उतरला असं होतं, आणि गावाने तेच धरलं होतं. सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून मेला. तिच्या तोंडावर म्हणायचे.

मी कागद उघडला. चौकशीचा निकाल होता. तुला त्यांनी कळवला नसेल, म्हणून मराठीत देतो. "कामगार राकेश गोरुले हा फोरमनच्या हुकमावरून चरात उतरला. आधाराच्या फळ्या लावलेल्या नव्हत्या. मृत्यूला कामगाराचा निष्काळजीपणा कारण नाही. हा निष्कर्ष साइट इंजिनियर आणि एक सहकामगार यांच्या जबाबांवरून काढला आहे."

वाचून दाखवताना माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं. तो किती चांगला कामगार होता, असं काहीसं. कागदात ते नव्हतं. मी गिळलं.

म्हातारे म्हणाले, "मोठ्यान वाचा." मी मोठ्याने वाचलं. मैना म्हणाली, "परत एकदा." ती अंगणाच्या कडेला जाऊन शेजारच्या दोन बायकांना हाक मारून आली. त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा वाचलं. म्हाताऱ्यांनी कागद हातात घेतला आणि उलटा धरून बराच वेळ बघितला.

"आनखी काय लिवलंय?" मैनाने विचारलं.

"एवढंच."

कागदावर तारीख होती, १४ नोव्हेंबर १९९९. तू मला जायला सांगितलंस त्यानंतर दोन महिन्यांनी तो निघालेला. मी वेळेवर गेलो असतो, रुपेशची ओळख ठेवली असती, तर त्या बाईला वर्षभर ते बोलणं ऐकावं लागलं नसतं. हे तुला कळवायलाच हवं म्हणून लिहितो.

निघताना मैना पायऱ्यांपर्यंत आली. तुझं नाव तिला ठाऊक आहे. निकालात जो साइट इंजिनियर आहे तो तूच, हे रुपेशने तिला सांगितलं. तिने विचारलं, "तुमी मेश्राम सायबांचे कोन?"

माझ्या तोंडात "मित्र" आलं होतं.

"ओळखतो त्यांना," मी म्हटलं, आणि खाली उतरलो.

मधुकर